मदत हवी आहे: बारीक सोल्डरिंगसाठी परवडणारा डिजिटल मायक्रोस्कोप

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सिडकोत घरीच सर्किट बोर्ड दुरुस्त करतो. बरेचसे अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या मशीनचे असतात. पंचेचाळिशी ओलांडली आणि ०४०२ मापाचे रेझिस्टर, म्हणजे जेमतेम १ मिमी लांब, अर्धा मिमी रुंद, साध्या भिंगातून नीट दिसेनासे झाले.

मित्राचा पेनासारखा यूएसबी मायक्रोस्कोप आठवडाभर वापरून पाहिला. तपासायला उत्तम! आयसीच्या दोन पायांमध्ये शॉर्ट झालेलं सोल्डर लगेच सापडलं. पण त्याखाली डाग द्यायला गेलो की पंचाईत. हात आधी हलतो, पडद्यावरचं चित्र मागून येतं, तेवढ्यात शेजारचा कपॅसिटर सरकलेला असतो. लेन्स बोर्डाच्या इतकी जवळ आणावी लागते की सोल्डरिंग आयर्नचं बिट तिरकं घालायलाही जागा उरत नाही, वर फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात त्याचा) धूर काचेवर बसतो. एलईडीचा उजेड चकचकीत सोल्डरवर पडून मधला भाग पांढराफटक दिसतो.

बजेट सात-आठ हजार. एचडीएमआयने थेट मॉनिटरला जोडायच्या मायक्रोस्कोपमध्ये चित्र मागे पडणं खरंच कमी होतं का? लेन्सखाली किमान १० सेंमी मोकळी जागा मिळेल असा कोणी रोज वापरतं का? की थोडे पैसे साठवून जुना स्टीरिओ (दोन्ही डोळ्यांनी बघायचा) मायक्रोस्कोपच घ्यावा, वर-खाली किती अंतर आहे याचा अंदाज तरी येईल? नाशिकमध्ये कोणाकडे असेल तर तासभर हाताळून बघायला मी कुठेही येईन.