मदत हवी आहे : मुलाखतींतून संगीत नाटक उभे करताना
अमेरिकी लेखक स्टड्स टर्केल यांच्या १९७४ मधील मुलाखतींच्या पुस्तकावरून १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या व्यावसायिक रंगभूमीवर आलेल्या ‘वर्किंग’ या संगीत नाटकात गवंडी, वेट्रेस, ट्रकचालक, गृहिणी आपापल्या कामाविषयी बोलतात आणि गातात. त्याच धर्तीवर आम्ही कष्टकऱ्यांशी बोलून नवे नाटक बांधत आहोत. अडचण गाण्यांची आहे. एका सफाई कामगार बाईंनी बोलता बोलता हातमोजा काढून तळव्यावरचे घट्टे दाखवले आणि त्या बराच वेळ गप्प राहिल्या. तो क्षण चालीत बसवला की त्याचे नुसते गौरवगीत होते. बोलण्यातून गाण्यात कसे शिरावे, वाद्ये कुठे थांबवावीत आणि मूळ शब्दांना किती कात्री लावावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे. प्रयोगाआधी संहिता त्या सर्व कष्टकऱ्यांना वाचून दाखवणे मला अत्यावश्यक वाटते.