जेवणाआधीचं इन्सुलिन : सुई, ताट आणि घड्याळ (माहिती आणि अनुभव इथे लिहा)

कृष्णाकाठ, सांगली
कालपासून जो तो आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आलं ते विचारतोय, आणि मला २०१९ चा ऑगस्ट आठवतोय. वीज नाही, फ्रिज बंद, आणि इन्सुलिनवाल्या प्रत्येक घरात एकच प्रश्न : हे आता चालेल का फेकायचं? म्हणून धागा काढला. विषय जेवणाआधी घ्यायच्या झटपट इन्सुलिनचा, म्हणजे लिस्प्रो, अ‍ॅस्पार्ट, ग्लुलिसीन. डोस ज्याचा त्याचा डॉक्टर ठरवेल. बाकी ज्यांना नेमकं माहीत आहे त्यांनी नेमकं लिहा.

सुरुवात मीच करतो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशात ठेवायचं. वापरातलं इन्सुलिनचं पेन बाहेर ३० अंशांच्या आत (ग्लुलिसीन असेल तर २५ च्या आत) २८ दिवस चालतं. फ्रिज बंद पडला तर न उघडलेल्यालाही तेच २८ दिवस लागू, त्यामुळे वीज गेली म्हणून लगेच फेकू नका. बाहेर काढल्याची तारीख खोक्यावर लिहा. गोठलेलं मात्र वितळल्यावर नितळ दिसलं तरी बाद. म्हणून बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवायचं नाही. पुराचं पाणी लागलेली कुपी किंवा पेनही बाद.

माण_तालुका
वीज नसताना माठ सगळ्यात भरवशाचा. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात लहान मडकं, मडक्यात कोरड्या प्लास्टिक डब्यात इन्सुलिन, वरून ओलं फडकं. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी. जागा सावलीची आणि वारा लागेल अशी, कारण पाण्याची वाफ होते म्हणूनच गारवा येतो. बंद खोलीत ठेवून उपयोग नाही. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा हा गारवा कमी मिळतो, पण तेव्हा बाहेरच ३० च्या खाली असतं, त्यामुळे काळजी नाही. खरी अडचण एप्रिल-मेची. गाडीच्या डिकीत पेन ठेवून बाजारात गेलात तर ते पेन शिजलं म्हणा. आणि शिजलेलं इन्सुलिन दिसायला तसंच नितळ असतं हो! जेवण तेच, डोस तोच, तरी दोन-तीन दिवस साखर चढतीच राहिली तर आधी पेन बदलून बघा.

औषधदुकान
माझा मुद्दा सुईचा, कारण इथं जीव जाऊ शकतो. आपल्याकडे मुख्यतः दोन ताकदीचं इन्सुलिन मिळतं. एक मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट. ४० वाल्या सिरिंजची टोपी लाल, १०० वालीची केशरी. झटपट इन्सुलिनची पेनं आणि काडतुसं (पेनात बसवायच्या औषधाच्या नळ्या) सहसा १०० ची असतात. पेन बिघडलं म्हणून काडतुसातलं औषध लाल टोपीच्या सिरिंजनं १० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात जातात २५ युनिट. अडीचपट! उलट ४० ची कुपी आणि केशरी सिरिंज असेल तर १० च्या रेघेला फक्त ४ युनिट जातात आणि साखर का उतरत नाही ते कळत नाही. पेनमधून सिरिंजनं कधीच ओढू नका. दुकानातून निघण्याआधी कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून बघा, मग पैसे द्या.

नावंही सारखी असतात. नोव्होरॅपिड आणि नोव्होमिक्स वेगळी. मिक्स गढूळ असतं, हातात घोळवून एकसारखं करून घ्यायचं. रॅपिड पाण्यासारखं नितळ. ते गढूळ दिसलं किंवा त्यात कण दिसले तर घेऊ नका.

वाई_मेणवली
जत्रंतल्या पंगतीचं लिवा कुणीतरी. तिथंच घात हुतो.

वॉर्ड_नर्स
@वाई_मेणवली लिहिते. हे इन्सुलिन १० ते २० मिनिटांत काम सुरू करतं, एक ते दोन तासांत जोर धरतं, तीन ते पाच तास राहतं. म्हणून साधारण १५ मिनिटं आधी. जुन्या साध्या इन्सुलिनला अर्धा तास आधी लागायचं, ती सवय इथं लावू नका. घरी ताट तयार आहे तर १५ मिनिटं ठीक. पंगतीत, लग्नात, हॉटेलात मात्र ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. "आता बसतीलच" म्हणून टोचून घेतलं आणि मानाची पंगत आधी उठायची राहिली, की पाऊण तासात घाम फुटतो.

जेवणाआधी साखर ७० च्या खाली असेल तर आधी साखर खा, ती वर आली की मग जेवण आणि इन्सुलिन. उलटी होतेय, म्हाताऱ्या माणसाचा जेवणाचा नेम नाही, लहान मूल दोन घासांत उठतं, अशा वेळी जेवण झाल्यावर लगेच द्यायचं का आणि किती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. जेवणच नाही तर जेवणाचा डोसही नाही. रात्रीचं लांब पल्ल्याचं, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही.

वाई_मेणवली
लई उपकार ताई. आईला दाखवतो वाचून.

आहारतज्ज्ञ_सातारा
ताटाचं गणित. ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी म्हणजे सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदकं. २५ ग्रॅम पिठाची चपाती १७-१८. शिजलेला भात १०० ग्रॅमला २८ च्या आसपास. कोरडा साबुदाणा ५० ग्रॅम म्हणजे ४४! एकादशीला "उपास आहे, काही खाल्लंच नाही" म्हणणाऱ्यांची साखर चढते ती यामुळे. तासगावची द्राक्षं १०० ग्रॅमला १७, पण मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम बेदाण्यात २३-२४. भडंगाला फराळ म्हणून सोडू नका, चुरमुरा म्हणजे तांदूळच.

डॉक्टर बहुधा ५०० च्या नियमानं सुरुवात करतात. दिवसाचं एकूण इन्सुलिन ५० युनिट असेल तर ५०० भागिले ५०, म्हणजे १० ग्रॅमला १ युनिट. वाढलेली साखर उतरवायला १८०० भागिले ५०, म्हणजे १ युनिटनं साखर अंदाजे ३६ नं उतरते. ही फक्त सुरुवात, पुढे नोंदी बघून आकडा बदलतो. मटणाच्या जेवणात चरबीमुळे साखर उशिरा, तीन-चार तासांनी चढते आणि इन्सुलिन आधी संपत आलेलं असतं. त्याचं काय करायचं ते नोंदवही दाखवून विचारा.

गुऱ्हाळ
तपासण्याआधी हात धुवा. गूळ, द्राक्षं, उसाचा रस बोटाला लागलेला असेल तर मीटर खोटा आकडा वर दाखवतं. २८० बघून इन्सुलिन ठोकायचं आणि खरी साखर १२०. साबण-पाणी, कोरडं पुसणं, मग टोचणं.

शाळू_हुरडा
गुऱ्हाळवाले दादा, यंदा काकवी आहे का?

गुऱ्हाळ
दिवाळीनंतर बघू. पावसानं ऊस आडवा झालाय.

वॉर्ड_नर्स
गुऱ्हाळवाल्यांच्या मुद्द्याला जोडून. दोन तासांनी साखर २४० दिसली म्हणून परत घेऊ नका. पहिला डोस अजून अंगात आहे. एकावर एक थर चढले की तिसऱ्या-चौथ्या तासाला साखर एकदम कोसळते, आणि रात्री नऊचं जेवण असेल तर ती वेळ झोपेतली येते. चार तासांच्या आत वाढीव डोस डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही.

मिरज_स्टेशनरोड
कमी साखरेचं कुणी लिहिलं नाही अजून?? थरथर, घाम, धडधड, चिडचिड, बोलणं अडखळणं. ७० च्या खाली : १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन छोटे चमचे पाण्यात. १५ मिनिटांनी परत तपासा, अजून ७० खाली तर परत तेवढंच. वर आली की भाकरी-दूध काहीतरी खा. कंदी पेढा यावेळी नको, खव्यातल्या चरबीनं साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर, एकट्यानं राहू नका.

महत्त्वाचं. व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोजची गोळी चालू असेल तर साखरेनं, गुळानं भागत नाही. ती गोळी साखरेचं पचन अडवते. तिथं ग्लुकोज पावडरच हवी. रक्तदाबाची बीटा ब्लॉकर गोळी असेल तर धडधड-थरथर जाणवत नाही, घाम तेवढा येतो.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका. साखरेचं पाणीसुद्धा नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन.

पायवाट_सातारा
सकाळी अजिंक्यतारा चढणाऱ्यांसाठी. नाश्त्याचं इन्सुलिन घेऊन दोन तासांच्या आत चढ नको, चढायचंच असेल तर डोस किती कमी करायचा ते आधी ठरवून घ्या. त्या दिवशी मांडीत टोचू नका, पाय चालले की औषध लवकर शोषलं जातं. निघताना साखर ९० च्या खाली असेल तर १५-३० ग्रॅम कर्बोदकं खाऊन निघा. ग्लुकोज खिशात, पिशवीत नाही. ऊसतोड, भांगलण, खुरपणी यालाही हेच लागू.

कृष्णाकाठ, सांगली
दोन पेनांची अदलाबदल होते त्याबद्दल कुणी सांगेल का?

वॉर्ड_नर्स
हो, लांब पल्ल्याचं ग्लार्जिनही नितळ आणि झटपटही नितळ. झटपट पेनाला रबरबँड गुंडाळा म्हणजे अंधारातही बोटाला कळेल, आणि जागाही वेगळ्या ठेवा. रात्री २० युनिट ग्लार्जिनऐवजी झटपट गेलं तर झोपायचं नाही. लगेच कर्बोदकं खायला सुरुवात, डॉक्टरांना फोन, दर १५-३० मिनिटांनी तपासणी, आणि घरी एकटे असाल किंवा साखर टिकत नसेल तर थेट दवाखाना. चार-पाच तास धोका राहतो.

टोचण्याचंही सांगते. आधी २ युनिट हवेत सोडा, थेंब दिसला तरच डोस लावा. बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून, ४ मिलिमीटरची सुई सरळ. बटण दाबून दहापर्यंत मोजा, मग काढा. दर वेळी आधीच्या जागेपासून बोटभर अंतरावर. रोज एकाच जागी टोचलं तर गाठी होतात. तिथं दुखत नाही म्हणून माणसं तिथंच टोचतात, पण गाठीतून औषध कधी निम्मं शोषतं कधी पुरतं. गाठ सोडून चांगल्या जागी सुरू केलं की तोच डोस जास्त लागू पडतो, म्हणून त्या आठवड्यात तपासणी वाढवा आणि डॉक्टरांना सांगा.

मिरज_स्टेशनरोड
टाइप १ वाल्यांनी : उलट्या आणि साखर २५० च्या वर असेल तर लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारी आम्लं) पट्टीनं तपासा. निघाले तर वाट बघू नका, दवाखान्यात जा.

शाळू_हुरडा
वापरलेल्या सुया घंटागाडीत टाकल्या तर चालतात का?

औषधदुकान
मोकळ्या टाकू नका ताई, कचरा उचलणाऱ्याच्या हातात घुसतात. फिनेलची रिकामी जाड बाटली घ्या, त्यात टाका. पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीनं बंद, वर "सुया" लिहा, आणि ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळी द्या. सुई काढताना आतली बारीक टोपी परत लावायला जाऊ नका, बोट टोचतं. बाहेरची मोठी टोपी लावायची आणि फिरवून काढायची. पेनला सुई लावून ठेवली तर हवा आत शिरते आणि औषध गळतं, पुढचा डोस चुकतो.