मदत हवी आहे: गच्चीवरची वांगी करपू राहिली, हप्ता संपला तरी हातात काही उरत नाही

पिंप्राळ्याचा_गडी (रविवार, रात्री १०.५२)
मंडळी, जरा लवकर सांगा, रोज एकदोन झाडं जाऊ राहिली. फेब्रुवारीत घराचं कर्ज फिटलं. १७,८५० हप्ता होता. घरात ठरलं की आता भाजी विकत आणायची नाही, म्हणून गच्चीवर ३२ ग्रो बॅगा भरल्या. वांगी, मिरची, टमाटे, गिलके, पालक. मार्चपर्यंत झकास होतं. आता वांग्याची पानं कडेनं तपकिरी होऊन चुरचुर वाजतात, पालक दुसऱ्यांदा टाकला तर उगवलाच नाही. पाणी दोन्ही वेळ देतो. खतही दिलं. काय फवारू?
आणि जाता जाता, हप्ता बंद होऊन तीन महिने झाले, पण खात्यात रुपया जास्त दिसत नाही. असं अजून कुणाचं झालंय का?

भरीत_पार्टी (रात्री ११.०५)
फोटो कुठाय? कोणतं खत, किती, केव्हा? बॅग केवढी? वांगं कोणतं, भरताचं हिरवं की काटेरी? नुसतं "करपलं" म्हटल्यावर कोण काय सांगेल भो.

केळीबाग (रात्री ११.१०)
फोटोची गरज नाही, हे पालाश (पोटॅश) कमी पडल्याचं लक्षण आहे. केळीच्या साली तीन दिवस पाण्यात भिजवा, ते पाणी झाडाला द्या. रावेरकडे साली फुकट मिळतात. मी चार वर्षं दुसरं काही घातलेलं नाही.

भरीत_पार्टी (रात्री ११.१४)
झाड न पाहता औषध? त्या पाण्यानं चिलटं तेवढी होतील घरात.

केळीबाग (रात्री ११.१६)
तुमच्या घरात होत असतील. झाकण ठेवायचं असतं.

सोलरवाला_भो (रात्री ११.३१)
गच्ची मोकळी आहे ना? मग वांगी कशाला, पॅनल बसवा. पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० अनुदान आहे. मे महिन्यात आपल्याकडे दोन कूलर आणि एक एसी चालतो, बिल बघा किती येतं ते. पॅनलखाली सावली पडते, तिथे पालक लावा. एका दगडात दोन पक्षी.

पिंप्राळ्याचा_गडी (सोमवार, सकाळी ६.४०)
सोलरचं विचारलं नव्हतं दादा. फोटो टाकलेत. शेणखत आहे, निंबोळी पेंड मूठमूठ, आणि मागच्या महिन्यात १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत दोनदा. बॅग १५ बाय १५ इंच. वांगं भरताचंच. पाणी आपलं नेहमीचंच.

धुळ्याची_ताई (सकाळी ७.१५)
नेहमीनं म्हंजे कोनतं भाऊ? नळनं, का बोरनं? आमना धुयामां नळ कवय येई त्याना भरोसा नही, तठे "नेहमीनं" असं काही ऱ्हास नही.

पिंप्राळ्याचा_गडी (सकाळी ७.२२)
घरचंच हो ताई. पाण्याचं काही नाही, पाणी भरपूर आहे. एक थेंब वाया जाऊ देत नाही मी.

मास्तर_अमळनेर (सकाळी ८.०३)
वांग्यांचं जाणकार सांगतील. मी न विचारलेलं सांगतो. कर्ज फिटलं म्हणजे बँकेचं फिटलं, सातबाऱ्यावरचं फिटलं का? तुमचा प्लॉट बिनशेती असेल आणि त्याचा स्वतंत्र सातबारा असेल, तर इतर हक्कात बँकेच्या कर्जाचा बोजा चढवलेला असतो. तो आपोआप उतरत नाही. मूळ खरेदीखत परत मिळालं का? नाहरकत दाखला? बोजा कमी करण्याचं पत्र? माझ्या साडूंनी कर्ज फेडून नऊ वर्षांनी घर विकायला काढलं, तेव्हा उताऱ्यावर बोजा तसाच. शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झालेली, जुनी फाइल कुणाला सापडेना. गिऱ्हाईक गेलं.

पिंप्राळ्याचा_गडी (सकाळी ८.२०)
नाहरकत मिळाला आहे. खरेदीखत "मुख्य कार्यालयातून येईल" म्हणाले. उतारा पाहिला नाही. पण मास्तर, आधी वांग्यांचं बघू ना.

मास्तर_अमळनेर (सकाळी ८.३१)
वांगी पुन्हा लावता येतात. फेब्रुवारी ते मे, अजून खरेदीखत नाही? रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. १ डिसेंबर २०२३ नंतर फिटलेल्या कर्जाचे मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. तोंडी विचारू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, अर्जात तारीख आणि नियम दोन्ही लिहा. भाषा आपोआप बदलते त्यांची.

हिशोबवही (सकाळी ९.४०)
पैशांचं मी विचारते. हप्ता कोणत्या तारखेला कापला जायचा? आता त्या तारखेला ते पैसे कुठे जातात? "कुठेच नाही" असं उत्तर असेल तर तेच कारण. हप्ता कापला जायचा म्हणून पंधरा वर्षं ते पैसे दिसलेच नाहीत. आता दिसतात, म्हणून खर्च होतात. बागेला एकूण किती लागले तेही खरं सांगा.

पिंप्राळ्याचा_गडी (सकाळी १०.०५)
५ तारखेला जायचा. बागेला फार नाही. बॅगा ३,२००, माती-शेणखताची ट्रॉली ४,५००, लोखंडी स्टँड ११,०००, छोटी मोटार २,४००. शिवाय एप्रिलमध्ये आखाजीला (अक्षय तृतीयेला) बहिणी माहेरी आल्या होत्या, साड्या झाल्या. आणि पोराला मोबाइल.

हिशोबवही (सकाळी १०.१२)
२१,१०० बागेचे. भाजी आतापर्यंत किती निघाली?

पिंप्राळ्याचा_गडी (सकाळी १०.१९)
दोन वेळचं भरीत झालं. मिरच्या बऱ्या निघाल्या.

भरीत_पार्टी (सकाळी १०.२१)
साडेदहा हजाराचं एक भरीत! आसोद्याचं वांगं असेल तर परवडलं म्हणायचं 😄

तापीकाठ (सकाळी १०.३०)
आसोद्याचं कशाला, बामणोदचं म्हणा. बी कमी आणि काड्यांवर भाजल्यावर जी चव येते ती तिकडेच.

भरीत_पार्टी (सकाळी १०.३३)
झालं सुरू. कपाशीच्या काड्यांवर काहीही भाजलं तरी चव येते. बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचलं की नाही ते सांगा.

व्याजवाले_नाना (सकाळी ११.००)
हप्त्याएवढे पैसे दर महिन्याला ओळखीच्या पतसंस्थेत टाका. बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त देतात, घरी येऊन घेऊन जातात. मी वीस वर्षं करतो.

हिशोबवही (सकाळी ११.०९)
नाना, जळगाव जिल्ह्यात बसून हा सल्ला देता? माझ्या वडिलांची ग्रॅच्युइटी एका पतसंस्थेत अडकली. व्याज सोडा, मुद्दल मिळवायला आई आठ वर्षं खेटे घालत होती, वडील तेवढे दिवस राहिले नाहीत. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेला ते नाही.

व्याजवाले_नाना (सकाळी ११.१५)
सगळ्याच तशा नसतात ताई.

हिशोबवही (सकाळी ११.१८)
बुडेपर्यंत एकही तशी नसते.
गडीभाऊ, ५ तारखेची सवय मोडू नका. फक्त ती ४ वर आणा. ४ तारखेला आठ हजार पीपीएफला आपोआप जाऊ द्या. ५ च्या आत भरलं तर त्या महिन्याचं व्याज धरतात, वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे. पाच हजारांची आवर्ती ठेव, सहा महिन्यांचा घरखर्च जमेपर्यंत तिला हात लावायचा नाही. उरलेल्या ४,८५० रुपयांत साड्या, मोबाइल, वांगी, काय करायचं ते करा. आणि जूनच्या आधी वर्षाचे गहू अन् दादर ज्वारी भरून टाका. किराणा दुकानातून पाच-पाच किलो आणण्यात जे जातं ते लिहून काढलं की डोळे उघडतात.

धुळ्याची_ताई (दुपारी १२.४०)
अरे पन पानी कोनतं ते सांगा ना कोनी. फोटूमां मातीवर पांढरं दिखी ऱ्हायनं. तो चुना शे का मीठ?

पिंप्राळ्याचा_गडी (दुपारी १.०५)
चुना नाही टाकला. शेणखताचं असेल ते. पाणी आरोचं आहे ताई, म्हणजे आरोतून जे बाहेर जातं ते. दिवसाला चाळीसेक लिटर गटारात जायचं, मी नळी गच्चीवरच्या टाकीत नेली. तीच तर काटकसर.

धुळ्याची_ताई (दुपारी १.०८)
हाई बठ्ठं पहिलेच सांगतं ना भाऊ!

भरीत_पार्टी (दुपारी १.२०)
सापडलं. घरात बोरचं पाणी असेल ना? आरो गोड पाणी तुम्हाला देतो आणि त्यातले क्षार उरलेल्या पाण्यात ढकलतो. ते तुम्ही रोज दोनदा बॅगेत ओतता. ४४ डिग्रीत पाणी उडून जातं, मीठ राहतं. वर १९:१९:१९, तेही क्षारच. पानाच्या कडा जळणारच. फवारायला काही नको.
आता असं करा. वरचा पांढरा थर इंचभर खरवडून फेका. खालची भोकं मोकळी करा. नळाचं पाणी बॅगेच्या तिप्पट, हळूहळू, खालून निथळेल असं एकदाच द्या. पंधरा दिवस खत बंद. गव्हाचा भुसा नाहीतर पाचट वर अंथरा, ५० टक्के सावलीची हिरवी नेट बांधा. आरोचं पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरा. कूलरमध्येही नको, जाळीवर खडा धरतो. आणि पालक या उन्हात नीट उगवत नाही, तापलेल्या मातीत बी निजून राहतं. चवळी, गवार, तांदुळजा लावा.

केळीबाग (दुपारी १.३५)
क्षार धुतल्यावर पालाश पण धुऊन जाईल. मग सालीचं पाणी द्यावंच लागेल.

सोलरवाला_भो (दुपारी १.४१)
नेटपेक्षा पॅनलची सावली टिकाऊ.

पिंप्राळ्याचा_गडी (बुधवार, रात्री ९.३०)
शेजाऱ्याचा टीडीएस मीटर आणून पाण्यातले क्षार मोजले. बोर ९४०, आरोचं टाकाऊ १,३१०, नळ २६०. काय बोलणार. ३२ पैकी १९ बॅगा धुतल्या, बाकीची झाडं उपटली. नवा शेंडा आलाय तीन झाडांना. नळाला एक दिवस आड पाणी येतं, त्यामुळे एवढ्या बॅगा ठेवणं जमणार नाही, १२ शेजाऱ्याला दिल्या.
मास्तर, उतारा काढला. बोजा आहे तसाच. बँकेत लेखी दिलं, पोच घेतली. दिवसाला ५,००० वाचून साहेबांनी खुर्ची दिली बसायला.

मास्तर_अमळनेर (रात्री ९.४४)
बोजा कमी करण्याचं पत्र मिळालं की ई-हक्क या सरकारी वेबसाइटवर फेरफाराचा (उताऱ्यावरची नोंद बदलण्याचा) अर्ज टाका, तलाठ्याकडे खेपा वाचतात. फेरफार धरला की नोटिशीचे पंधरा दिवस जातील, मग मंडळ अधिकारी मंजूर करतील. मंजूर झाल्यावर उतारा पुन्हा काढून डोळ्यांनी बघा.

पिंप्राळ्याचा_गडी (रात्री ९.५०)
हो. ४ तारखेचं पण लावलं. घरची मंडळी रागावली, स्टँडचे ११,००० आधी वसूल करा म्हणाली. रिकाम्या स्टँडवर आता बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळू राहिल्या.

तापीकाठ (रात्री १०.०२)
स्टँड विकणार का? केवढ्याचा आहे, लांबी-रुंदी सांगा.