मदत हवी आहे: माझी सिटिझनशिप आणि बायकोचा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा)

नमस्कार मंडळी, मी न्यू जर्सीत राहतो. ग्रीन कार्डाला मार्चमध्ये ५ वर्षं होतील, म्हणजे ९० दिवस आधी एन-४०० (नागरिकत्वाचा अर्ज) भरता येईल. बायको एफ-१ वर मास्टर्स करतेय. तिच्यासाठी आय-१३० (जोडीदाराच्या ग्रीन कार्डासाठीची इमिग्रंट पिटिशन) आत्ताच भरावा, की माझा नागरिकत्वाचा शपथविधी होईपर्यंत थांबावं? नागरिकाच्या जोडीदाराला ग्रीन कार्डासाठी व्हिसा नंबरची रांग नसते, ते ठीक. पण तिच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय आणि दिवाळीनंतर साताऱ्याला तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे. परत येण्यासाठी मुंबईत स्टॅम्पिंग (नवीन व्हिसा) करावं लागेल, आणि त्याचा अर्ज डीएस-१६० भरताना इमिग्रंट पिटिशनबद्दल विचारतातच, आणि खोटं उत्तर आम्ही देणार नाही. पिटिशन पाहून, ही कायमची राहणार असं समजून व्हिसा नाकारला तर सेमिस्टर बुडेल. लग्नाला जाऊ नकोस असं मला तिला सांगवत नाही. यातून कोणी गेलंय का? आधी काय केलंत? वकिलाला भेटणार आहोतच, पण तुमचे अनुभव कृपया सांगा.