मुलीची कुस्ती आणि कॉलेजची पुंजी

मुलीचा खेळ बंद करून सगळे पैसे तिच्या कॉलेजसाठी ठेवू का, असं विचारलंय तुम्ही. आमची थोरली कुस्ती खेळते. तालमीची फी किरकोळ हो, खरा खर्च खुराकाचा! दूध, तूप, अंडी, बदाम. म्हशी घरच्या, म्हणून निभावतंय. हुबळी-दावणगेरेला स्पर्धा लागली की गाडीभाडं वेगळंच. पण पोस्टातल्या सुकन्या खात्याला, म्हणजे मुलीच्या नावच्या बचत खात्याला, हात लावत नाही. दहावी पास झाली किंवा १८ पूर्ण झाली, की शिक्षणासाठी त्यातली ५० टक्क्यांपर्यंत शिल्लक काढता येते. सीईटीच्या, म्हणजे कॉलेज प्रवेश परीक्षेच्या, स्पोर्ट्स कोट्यावर विसंबू नका, जागा मोजक्याच. आमचे हे म्हणतात, ‘पदक आलं की बघू की!’ मी आधी सुकन्याचा हप्ता भरते. यंदा नवे शूज दिवाळीनंतर, पोरगी रुसलीय.