एआय सर्चला आमच्या साइटवरचा मजकूर सापडत नाही
प्रश्न: शेतीसल्ल्याची पानं ब्राउझरमध्ये नीट दिसतात, पण चॅटजीपीटी सर्चच्या उत्तरांत कधीच येत नाहीत. काय बदलू?

उत्तर: आधी कंट्रोल-यू दाबून पानाचा सोर्स बघा. तिथे मजकूर नसेल तर तो जावास्क्रिप्टने भरला जातोय. गूगलबॉट जावास्क्रिप्ट चालवतो, एआयचे बरेच क्रॉलर (साइटची पानं आपोआप वाचणारे प्रोग्रॅम) चालवत नाहीत. सर्व्हरवरूनच पूर्ण एचटीएमएल पाठवा.

उत्तर: कोणत्या क्रॉलरने साइट वाचावी हे सांगणारी रोबॉट्स फाइलही (robots.txt) तपासा. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयचे दोन क्रॉलर बघा: जीपीटीबॉट एआयच्या ट्रेनिंगसाठी असतो, ओएआय-सर्चबॉट सर्चसाठी. पहिला अडवला तरी चालेल, दुसरा अजिबात नको.

उत्तर: जुनी पानं कृतिदेवमध्ये (युनिकोड नसलेला जुना फॉन्ट) आहेत का? मग सोर्समध्ये नुसती रोमन अक्षरं दिसतील. युनिकोड करावंच लागेल. रूपांतरानंतर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, हमखास तिथेच घोळ होतो. खताची मात्रा चित्रात नको, टेबलमध्ये द्या आणि ‘किलो प्रति हेक्टर’ रकान्यातच लिहा.