मदत हवी आहे : आईचा खुबा मोडल्यानंतर ठिसूळ हाडांवर कोणते औषध निवडावे?

नमस्कार. माझी ७६ वर्षांची आई दोन महिन्यांपूर्वी देवघरासमोर तोल जाऊन पडली आणि तिचा उजवा खुबा मोडला. शस्त्रक्रिया चांगली झाली, आता ती वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जाते. परंतु घरी सोडताना कॅल्शियमखेरीज हाडांसाठी काहीच लिहून दिले नव्हते, याची मला फार खंत वाटते, कारण वृद्ध माणसाचा खुबा उभ्या उभ्या पडून मोडला, तर हाडे ठिसूळ झाल्याच्या (ऑस्टिओपोरोसिसच्या) निदानासाठी तेवढे पुरेसे मानले जाते. पुढे आम्ही आग्रहाने डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घेतली. खुब्याचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती कमी, ते सांगणारा आकडा) उणे २.९ आला, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच्या उणे २.५ या मर्यादेच्याही खाली. कण्याचा उणे १.६ आहे, पण उतारवयात मणक्यांच्या झिजेमुळे तो आकडा फसवा असू शकतो. कमी असलेले ड जीवनसत्त्व भरून काढले आहे.

आता डॉक्टरांनी दोन पर्याय दिले आहेत : वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा दर सहा महिन्यांनी त्वचेखाली डेनोसुमॅब. आईचा क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडे किती काम करतात, याचे माप) ३८ आहे आणि ३५ च्या खाली पहिले औषध देत नाहीत. दुसरे मूत्रपिंड अशक्त असतानाही देता येते, मात्र त्याचा डोस लांबला तर मणके मोडण्याचा धोका वाढतो, आणि आई गावी राहत असल्याने दर वेळी तारीख पाळली जाईल का, हीच माझी खरी काळजी आहे. शिवाय तिची एक दाढ काढायची आहे, आणि या दोन्ही औषधांवर असताना दात काढल्यास क्वचित जबड्याचे हाड नीट भरून येत नाही. ती इंजेक्शनाआधीच काढून घ्यावी का?

येथील डॉक्टरांनी आणि घरी असा प्रसंग अनुभवलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.